आज्ञा देवाची, निवाडा कोणाचा?

ख्रिस्ती जीवनात देवाच्या आज्ञापालनाला मध्यवर्ती स्थान आहे, याविषयी ख्रिस्ती पंथांत दुमत नाही. मतभेद सुरू होतात ते ही आज्ञा माणसाला कळते कशी आणि ती नीट कळली की नाही याचा निवाडा कोणी करायचा, या प्रश्नांपासून. सीनाय पर्वतावर मोशेला मिळालेल्या दहा आज्ञा यहुदी परंपरेतून ख्रिस्ती धर्मात आल्या. पण देवावर सर्वस्वाने आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करणे यातच साऱ्या नियमशास्त्राचे सार आहे, असे येशूने सांगितल्यामुळे आज्ञापालनाची परीक्षा बाह्य आचारापुरती न राहता अंतःकरणापर्यंत पोहोचली. पुढे पौलाने असे प्रतिपादन केले की, नियम पाळून कोणी देवासमोर नीतिमान ठरत नाही. माणूस तारला जातो तो कृपेने, म्हणजे त्याची पात्रता न पाहता देवाने केलेल्या प्रेमामुळे. प्रॉटेस्टंट परंपरेने यावर विशेष भर दिला आणि आज्ञापालन हे तारणाची किंमत नसून त्याचे फळ होय, अशी मांडणी केली.

या आज्ञापालनाचा आदर्श म्हणून शुभवर्तमाने गेथशेमाने बागेतील येशूकडे बोट दाखवतात. क्रूसावरील मरण समोर दिसत असताना तो हा प्याला टळावा अशी विनवणी करतो, घामाघूम होतो, आणि मगच स्वतःची इच्छा पित्याच्या इच्छेखाली ठेवतो. म्हणजे ख्रिस्ती अर्थाने आज्ञा पाळणाऱ्याने प्रश्न विचारू नयेत, मनातली व्यथा बोलू नये, असे बंधन मुळातच नाही. आणि हे ध्यानात घेतले नाही तर पुढचा सारा वाद केवळ हट्टाचा वाटू लागतो.

देवाची आज्ञा बहुधा माणसांच्या तोंडून ऐकू येत असल्यामुळे पेच निर्माण होतो. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौल सत्ताधीशांच्या अधीन राहण्यास सांगतो, तर ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात, उपदेश थांबवा असे न्यायसभेने बजावल्यावर, माणसांपेक्षा देवाचे ऐकले पाहिजे असे पेत्र आणि इतर प्रेषित स्पष्टपणे सांगतात. चर्चच्या अधिकाराविषयीही हाच पेच उभा राहतो, आणि त्याचे अत्यंत बोलके उदाहरण मराठी वाचकाच्या ओळखीच्याच एका स्त्रीच्या आयुष्यात सापडते.

पंडिता रमाबाई १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या इच्छेने इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन भगिनीसंघाच्या मठात राहिल्या; या संघाच्या भगिनींचे काम पुण्यात आधीपासून सुरू होते. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाईंनी आणि त्यांची लहान मुलगी मनोरमा हिने बाप्तिस्मा घेतला. बहिरेपणामुळे वैद्यकीय शिक्षणाचा विचार सोडावा लागला आणि त्या चेल्टनहॅम येथील लेडीज कॉलेजात गेल्या. मठातील सिस्टर जेराल्डाइन या त्यांच्या आध्यात्मिक मार्गदर्शक होत्या, आणि रमाबाई पत्रांत त्यांना ‘आजीबाई’ म्हणत. जेराल्डाइन ज्या जीवनपद्धतीत घडल्या होत्या, तिच्यात दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञाधारकपणा ही तीन व्रते घेतली जात. वरिष्ठांचा शब्द हा देवाचाच शब्द मानून स्वतःचा अहं विरघळवणे ही त्यांच्या दृष्टीने खरी साधना होती. रमाबाईंचे सगळेच वागणे त्यांना नव्या विश्वासणाऱ्या स्त्रीचा अहंकार वाटले यात नवल नाही.

खटके लहान गोष्टींवरून उडाले, पण त्या गोष्टी लहान नव्हत्या. पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा प्रश्न निघाला तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली; ज्या स्त्रीने मायदेशी पुरुषांच्या सभांत व्याख्याने दिली होती, तिला हे बंधन देवाचे आहे हे पटेना. क्रूसावर लॅटिन अक्षरेच का, संस्कृत का नकोत, असेही तिने विचारले. शाकाहार तर तिने सोडलाच नाही. त्रैक्याचा सिद्धांत, म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच देव ही शिकवण, आणि अथनेशियन मतांगीकार, म्हणजे विश्वासाची एक प्राचीन अधिकृत मांडणी, यांविषयीच्या शंका तिने लपवल्या नाहीत. पुरोहितांच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटल्यावर दुसऱ्या जोखडाखाली मान देणार नाही, मात्र जे देवाचे वचन म्हणून पटेल ते शिरसावंद्य मानीन, हा तिच्या उत्तरांचा आशय होता.

यात आज्ञाभंग कोठे आहे? सदसद्विवेकबुद्धी गहाण टाकून दिलेला होकार देवाला दिलेला होकार ठरत नाही, हे रमाबाईंनी जेराल्डाइनपेक्षा अधिक खोलवर ओळखले होते, असेच म्हणावे लागते. अर्थात विवेकाच्या नावाखाली माणूस सोयीचे तेवढेच ऐकतो, ही जेराल्डाइनची भीती खोटी नव्हती, आणि म्हणूनच रमाबाईंचे पुढचे आयुष्य पाहणे आवश्यक ठरते. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला पण ख्रिस्त आपल्याला सापडलाच नव्हता, अशी जाणीव त्यांना झाली, आणि ती त्यांनी १९०७ च्या आपल्या ‘साक्ष’ या आत्मनिवेदनात उघडपणे नोंदवली. १८८९ मध्ये मुंबईत सुरू केलेले शारदा सदन पुढे पुण्यात आले, आणि १८९३ मध्ये मुलींच्या प्रार्थनेतील सहभागावरून न्यायमूर्ती रानडे व रा. गो. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार समितीतून बाहेर पडले, तरी आपल्या प्रार्थनेचे दार बंद करणे त्यांना मान्य झाले नाही. १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून भुकेने व्याकूळ झालेल्या शेकडो मुली व स्त्रियांना आणून त्यांनी पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे आसरा दिला, आणि तेथे मुक्ती मिशन उभे राहिले. सोयीची निवड करणारा माणूस असा भार अंगावर घेत नाही.

उतारवयात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम हाती घेतले, कारण देवाची आज्ञा प्रत्येकाने स्वतः ऐकायची असेल तर ती खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईलाही वाचता आली पाहिजे. हे काम पुरे झाले आणि लगेचच, ५ एप्रिल १९२२ रोजी, त्यांचे निधन झाले. वाँटेजच्या दिवसांतील पत्रे सिस्टर जेराल्डाइन यांनीच जपली व संकलित केली, आणि ती १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. ख्रिस्ती असो वा नसो, श्रद्धा आणि स्वातंत्र्य यांच्या नात्याविषयी ज्याला आस्था आहे, त्या मराठी वाचकाने ती मुळातून वाचावीत.