संदर्भ शोधताना ग्रंथपालाची मदत कशी घ्यावी

समजा, तुमच्या कादंबरीचा नायक 1964 साली चंडीगडच्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका कारखान्यात कामाला लागतो. त्या वेळचे शहर कसे होते, वस्ती किती होती, पेपरात काय छापून येत होते? हे शोधायला आधी ग्रंथालयाचा संदर्भ विभाग गाठावा.

चांगला ग्रंथपाल लगेच पुस्तक काढून देत नाही, आधी प्रश्न विचारतो. ‘चंडीगडची माहिती हवी’ एवढ्याने काम भागत नाही. साल कोणते, धंदा कोणता, आकडे हवेत की वर्णने, इंग्रजी-हिंदी मजकूर चालेल का, हे ठरले की शोध आटोक्यात येतो.

खरी मदत पुढे होते. माहिती कोणत्या नावाखाली दडली आहे, हे ग्रंथपालाला ठाऊक असते. चंडीगड केंद्रशासित झाले 1 नोव्हेंबर 1966 रोजी. त्याआधी ते पंजाबच्या अंबाला जिल्ह्यात मोडत होते. त्यामुळे 1961 च्या जनगणनेसाठी अंबाला जिल्ह्याचा खंड उघडावा लागतो. नुसते ‘चंडीगड’ शोधणारा रिकाम्या हाताने परततो. पेपरांचेही तसेच. ‘द ट्रिब्यून’ 1881 साली लाहोरला सुरू झाला, फाळणीनंतर सिमल्याला आणि मग अंबाल्याला गेला, चंडीगडला आला तो 1969 मध्ये. म्हणजे तुमच्या नायकाने वाचलेला अंक अंबाल्यात छापलेला असणार.

अशा शोधासाठी चंडीगडमध्ये पंजाब विद्यापीठाचे ए. सी. जोशी ग्रंथालय आणि सेक्टर 17 मधले राज्य ग्रंथालय आहे. पुण्या-मुंबईत बसून काम करत असाल, तर तिथे काय आहे याची चौकशी तुमच्या ग्रंथपालाला करायला सांगा.

विषय महाराष्ट्रातला आणि जुना असेल, तर दाते, काळे आणि बर्वे यांची ‘मराठी नियतकालिकांची सूची’ मागा. 1800 ते 1950 या काळात कोणत्या विषयावर कोणत्या मासिकात लेख आला, हे तिच्यात पाहता येते. एरवी महिनोन्‌महिने फायली चाळाव्या लागल्या असत्या.

जाताना प्रश्न कागदावर लिहून न्या, आधी काय पाहिले तेही सांगा. मिळालेल्या प्रत्येक नोंदीसोबत ग्रंथनाम, साल आणि पृष्ठांक तिथेच टिपून घ्या. आणि पुस्तक छापून आले की ऋणनिर्देशात ग्रंथपालाचे नाव आवर्जून घाला.