साठच्या पुढे थरथरणारी जीप

अमेरिकन सैन्याच्या दप्तरी जीपची नोंद ‘पाव टनी ट्रक’ अशी होती. 1941 ते 1945 या काळात विलीज आणि फोर्ड यांनी मिळून अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बनवल्या. पुढे महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या मिस्त्रींना या गाडीच्या पोटातलं सगळं पाठ असतं.

आता हौशी मंडळी या जीपा नव्याने उभ्या करतात. रंग, कॅनव्हासचं छत, चकचकीत दिवे हे तर होतंच. शिवाय डिझेल इंजिन, रुंद टायर आणि उंची वाढवायला लांब शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक चॅसीला जोडणारी कडी. मग एक दिवस ताशी साठच्या आसपास पुलाच्या जोडावरून पुढचं चाक जातं आणि स्टेअरिंग दोन्ही हातांत मावेनासं होतं. बॉनेट हलतं, दिवे हलतात, आणि वेग पार उतरल्याशिवाय काही थांबत नाही. गॅरेजात याला वॉबलिंग म्हणतात. ठरावीक वेगाला येऊन पुढे निघून जाणारी बारीक थरथर हा निराळा प्रकार. तो बहुधा बॅलन्सिंगचा नाहीतर वाकलेल्या रिमचा.

वॉबलिंगचं मूळ पुढच्या अखंड एक्सलमध्ये आहे. एक चाक उचललं गेलं की सगळा एक्सल तिरका होतो, आणि जोरात फिरणारं चाक तिरकं झालं की आपोआप बाजूला वळू पाहतं. ते वळणं दोन्ही चाकांना जोडणाऱ्या टायरॉडमधून दुसऱ्या चाकाकडे जातं, तिथून परत येतं. सांधे घट्ट असतील तर हा हेलकावा जागीच विरतो. पण जरा जरा प्ले चार ठिकाणी साठला, की तो विरण्याऐवजी वाढत जातो. म्हणून ‘कुठला पार्ट बदलू?’ हा प्रश्नच मुळात फसवा.

जाणता मिस्त्री आधी पाना उचलत नाही. चाकं जमिनीवर ठेवूनच तो पोऱ्याला स्टेअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे हलवायला लावतो आणि स्वतः खाली आडवा होऊन एकेका सांध्यावर बोट ठेवतो. एक बाजू हलते आणि दुसरी उशिरा हलते, तिथे झीज. युद्धकालीन जीपमध्ये तर स्टेअरिंगचा जोर ड्रॅगलिंकमधून बेलक्रँकला आणि तिथून दोन वेगळ्या टायरॉडना जातो. बेलक्रँकची पिन आणि बुश झिजले की चाकं आपापल्या मर्जीने वागतात. पुढे जॅक लावून चाक वर-खाली धरून हलवायचं. खडखड जाणवली तर पोऱ्याला ब्रेक दाबायला सांगायचं. खडखड थांबली तर चाकाचं बेअरिंग सैल; तशीच राहिली तर किंगपिन, म्हणजे चाक जिच्याभोवती वळतं ती पिन. किंगपिनच्या बेअरिंगचा ताण पातळ शिम काढून-घालून जमवतात. रंगावर हजारो रुपये घातलेल्या कितीतरी गाड्यांत हे शिम कुणी उघडूनही पाहिलेले नसतात, आणि मला याचंच नवल वाटतं.

एवढं करूनही वॉबलिंग राहिलं तर नजर कॅस्टरकडे वळवावी. सायकलचा चिमटा वरून मागे झुकलेला असतो म्हणून चाक सरळ राहू पाहतं. जीपमध्येही किंगपिनचा वरचा भाग तसाच मागे झुकलेला हवा, मूळ मापाप्रमाणे 3 अंश. पुढचा शॅकल लांब केला की पाट्याचं पुढचं टोक खाली जातं, एक्सल पुढे लवंडतो आणि हे अंश कमी होतात. म्हणजे रुबाबासाठी वाढवलेली उंची थेट स्टेअरिंगमध्ये उतरते. पाटा आणि एक्सल यांच्यामध्ये योग्य कोनाची पाचर बसवून झुकाव परत आणता येतो. मूळचा 6.00-16 चा अरुंद टायर जाऊन बाहेर निघालेल्या रिमवर रुंद टायर आला असेल, तर रस्त्याचा प्रत्येक धक्का आधीपेक्षा लांब हाताने सांधे पिळतो. टो-इन, म्हणजे पुढून किंचित आत वळलेली चाकांची ठेवण, सगळ्यात शेवटी, कारण आधीचं काहीही बदललं की ते पुन्हा बघावं लागतं.

बाजारात यावर झटपट उपाय मिळतो: स्टेअरिंग डँपर. तो बसवला की थरथर गप्प होते, सैल सांधे मात्र आतल्या आत झिजत राहतात. डँपर लावायला हरकत नाही, पण सगळे सांधे घट्ट झाल्यावर जीप आधी त्याच्याशिवाय त्याच पुलाच्या जोडावरून, त्याच वेगाने नेऊन बघावी.