विश्लेषण : स्नायू सैल असलेल्या मुलाला साधी बाबागाडी का पुरत नाही? निवड कशी करावी?

दोन वर्षांच्या मुलाला बाबागाडीत बसवले की दहा मिनिटांत ते घसरून खाली येते. मान एका बाजूला कलते, पाठीला बाक येतो. पालक त्याला वर ओढून बसवतात, कडेला टॉवेल खोचतात. थोड्या वेळाने पुन्हा तेच. स्नायूंचा ताण कमी असलेल्या, म्हणजेच हायपोटोनिया असलेल्या मुलांच्या घरी हा रोजचा अनुभव असतो. अशा वेळी अधिक महागडी गाडी घेण्यापेक्षा वेगळ्या रचनेची गाडी घेणे महत्त्वाचे ठरते. ती कशी ओळखायची, याविषयी...

हायपोटोनिया म्हणजे काय?

आपण स्वस्थ बसलेले असतानाही स्नायूंमध्ये थोडा ताण असतो. त्यामुळे शरीर सावरलेले राहते. हा ताण कमी असेल तर मूल हातात लुळे वाटते, सांधे प्रमाणापेक्षा जास्त वळतात आणि मान धरणे, बसणे, उभे राहणे हे टप्पे उशिरा येतात. हायपोटोनिया हे लक्षण आहे, आजार नव्हे. डाऊन सिंड्रोम, सेरेब्रल पाल्सीचे काही प्रकार, प्रेडर-विली सिंड्रोम, स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी, जन्मजात थायरॉइडची कमतरता अशी त्याची अनेक कारणे असू शकतात. त्यामुळे आधी निदान आवश्यक आहे. मूल आधी बसत होते आणि आता बसेनासे झाले असेल, तर गाडी शोधत न बसता तातडीने डॉक्टरांना गाठावे.

साध्या गाडीत नेमके काय बिघडते?

छत्रीसारखी मिटणारी गाडी म्हणजे दोन नळ्यांमध्ये ताणलेले कापड, एक प्रकारची झोळीच. त्यात कंबर आत रुतते आणि मागे कलंडते. कंबर कलंडली की पाठ वाकते, पाठ वाकली की छाती दबते आणि मान पुढे झुकते. त्याचा परिणाम श्वास घेण्यावर आणि गिळण्यावरही होतो. मांड्या बेडकासारख्या बाहेर पडतात. मुख्य म्हणजे, स्वतःला सावरण्यातच हात अडकले तर मूल खेळणे धरू शकत नाही. धड स्थिर असेल तरच हात मोकळे होतात.

बैठक कशी तपासावी?

तपासणी खालून वर करावी, कारण पाया हलला तर वरचा आधार निरुपयोगी ठरतो.

- तळ कडक आणि सपाट हवा. कापडी झोळी नको.
- कंबर, गुडघा आणि घोटा हे तिन्ही साधारण काटकोनात हवेत. पाय लोंबकळता कामा नये. पायटा उंचीनुसार सरकणारा असावा.
- गुडघ्यामागे आणि बैठकीच्या कडेमध्ये साधारण दोन बोटांची जागा राहावी. बैठक त्याहून खोल असेल तर मूल पुढे घसरते.
- कमरेचा पट्टा पोटावर नव्हे, मांडीच्या सांध्यापाशी बसावा. खांद्यांसह पाच ठिकाणी अडकणारा पट्टा असावा.
- छातीच्या दोन्ही बाजूंचे आधार आणि डोक्याचा आधार सरकवता यायला हवेत. ‘मोठा झाल्यावरही चालेल’ म्हणून ऐसपैस गाडी घेणे ही नेहमीची चूक आहे.

डोक्याच्या आधाराची उंची आणि कोन फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टकडूनच ठरवून घ्यावा.

‘टिल्ट’ आणि ‘रिक्लाइन’ यांत फरक काय?

रिक्लाइनमध्ये फक्त पाठ मागे जाते. कमरेचा कोन उघडतो आणि सैल अंगाचे मूल पुढे सरकते. टिल्टमध्ये पाठ आणि बैठक यांमधला कोन तोच राहतो, संपूर्ण आसनच मागे झुकते. त्यामुळे काही वजन पाठीवर जाते, मानेला विसावा मिळतो आणि बसण्याची ठेवण बिघडत नाही. दमणाऱ्या मुलांसाठी टिल्ट अधिक उपयोगी ठरतो. मात्र मागे झुकलेल्या स्थितीत भरवू नये. घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. तसेच टिल्ट केल्यावर गुरुत्वमध्य मागच्या चाकांकडे सरकतो. अशा वेळी दांड्याला भाजीची पिशवी अडकवली तर गाडी उलटू शकते.

आपल्या रस्त्यांवर चालेल का?

छोटी, कडक चाके पेव्हर ब्लॉकच्या फटीत अडकतात. मोठी चाके बरी, पण त्यांनी वजन वाढते. खरेदीआधी तीन मोजमापे घ्यावीत : इमारतीच्या लिफ्टची रुंदी, घडी घातलेल्या गाडीचा आकार आणि ती जिन्यावरून एकट्याने उचलता येईल का. वजनमर्यादाही पाहावी. अनेक साध्या गाड्या १५ किलोपर्यंतच्याच असतात. बाबागाडी ही कारमधील सुरक्षा आसनाचा पर्याय नाही, हेही लक्षात ठेवावे.

खर्चाला मदत मिळते का?

आयात केलेल्या खास गाड्यांच्या किमती लाखाच्या घरात जातात. केंद्राच्या ‘एडिप’ योजनेतून मात्र सहायक साधने मिळू शकतात. कानपूरची ‘अ‍ॅलिम्को’ ही सरकारी कंपनी सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी ‘सीपी चेअर’ बनवते. योजनेसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि उत्पन्नाची अट आहे. एकदा साधन घेतल्यावर पुन्हा मिळण्यासाठी तीन वर्षे थांबावे लागते. १२ वर्षांखालील मुलांसाठी ही मुदत एक वर्षाची आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत हायपोटोनिया स्वतंत्रपणे नाही. त्यामुळे मूळ निदानाची कागदपत्रे जपून ठेवावीत. जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात (डीईआयसी) मुलाची तपासणी आणि थेरपीची सोय असते.

खरेदीपूर्वी काय करावे?

मुलाला गाडीत अर्धा तास बसवून पाहावे. बसवताच आणि अर्ध्या तासाने, समोरून व बाजूने फोटो काढावेत आणि ते थेरपिस्टला दाखवावेत. दुकानातील पहिल्या पाच मिनिटांत प्रत्येक गाडी चांगलीच वाटते. योग्य गाडी मिळाली तरी ती बाहेर जाण्यापुरतीच वापरावी. लोळणे, रांगणे, धरून उभे राहणे हा व्यायाम जमिनीवरच होतो.

ही गाडी व्हीलचेअरसारखी दिसते, लोक काय म्हणतील, म्हणून अनेक घरांत खरेदी लांबणीवर पडते आणि मूल घरातच राहते. नीट बसवलेले मूल मान वर करून बागेतली झाडे आणि इतर मुले पाहू शकते. गाडी घ्यायची ती त्यासाठीच.