वारा सातारा-जैसलमेरचा, साठा मुंबईचा

अंधेरी, बोरिवली किंवा घाटकोपरच्या ग्राहकाने दिव्याचे बटण दाबले की वीज त्याच क्षणी हवी असते. वारा मात्र कोणाच्या सोयीने वाहत नाही. मुंबईला मिळणाऱ्या विजेत पवनऊर्जेचा वाटा वाढू लागला आहे, त्यामुळे ही विसंगती सांभाळण्याचे काम आता बॅटरीकडे सोपवले जात आहे. ती नेमके काय करू शकते आणि काय नाही, हे उपनगरातील ग्राहकांनी समजून घ्यायला हवे.

वाऱ्याचे गणित

महाराष्ट्रात पवनऊर्जेची स्थापित क्षमता पाच हजार मेगावॉटच्या वर गेली आहे. साताऱ्यातील वनकुसवडे व चाळकेवाडीची पठारे आणि धुळे जिल्ह्यातील ब्राह्मणवेल ही तिची जुनी केंद्रे. मात्र स्थापित क्षमता आणि प्रत्यक्ष मिळणारी वीज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पवनचक्कीतून मिळणारी वीज वाऱ्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग निम्मा झाला, तर वीज निम्मी होत नाही, साधारण एक अष्टमांशावर येते. त्यामुळे वाऱ्याचा जोर थोडा ओसरला तरी वीज एकदम घटते.

दुसरी अडचण ऋतूची. महाराष्ट्रात वारा जोमाने वाहतो तो जून ते सप्टेंबर या काळात. मुंबईत वातानुकूलन यंत्रे घरघरतात ती मे आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात. म्हणजे वारा भरपूर असतो तेव्हा मागणी कमी आणि मागणी शिगेला पोहोचते तेव्हा वारा मंद.

पंधरा मिनिटांचा हिशेब

विजेच्या जाळ्यात निर्मिती आणि वापर यांचा मेळ दर क्षणी बसावा लागतो. तो बसला आहे की नाही, हे वारंवारतेवरून कळते. भारतात ती सेकंदाला ५० आवर्तने, म्हणजे ५० हर्ट्झ राखायची असते. मागणी वाढली की ती घसरते, निर्मिती जास्त झाली की चढते. राज्य भार प्रेषण केंद्र दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग करून कोणी किती वीज द्यायची ते आखते. पवन व सौर प्रकल्पांनीही आपल्या निर्मितीचा अंदाज आधी कळवावा आणि तो ठरावीक मर्यादेपलीकडे चुकल्यास आकार भरावा, अशी नियमावली राज्य वीज नियामक आयोगाने २०१८ मध्ये केली.

अंदाज चुकला की तूट भरून काढायला आजवर जलविद्युत उपयोगी पडत आली. कोयना, तसेच टाटांचे भिरा, भिवपुरी, खोपोली हे प्रकल्प काही मिनिटांत वीज देऊ शकतात. घाटघरचा २५० मेगावॉटचा प्रकल्प तर फावल्या वेळच्या विजेने पाणी वर चढवतो आणि गरजेच्या वेळी तेच पाणी खाली सोडून वीज करतो. बॅटरी हेच काम पाण्यावाचून, डोंगरावाचून आणि सेकंदाच्या अंशात करते.

उपनगरांची अडचण

मुंबईची कमाल मागणी चार हजार मेगावॉटच्या वर गेली आहे. ट्रॉम्बे व डहाणूचे औष्णिक संच आणि टाटांचे जलविद्युत प्रकल्प मिळूनही ती भागत नाही, उरलेली वीज बाहेरून पारेषण वाहिन्यांनी येते. पश्चिम उपनगरांच्या मोठ्या भागाला आणि पूर्वेला विक्रोळीपर्यंत वीज देणाऱ्या अदानी इलेक्ट्रिसिटीने जैसलमेरच्या ७०० मेगावॉट पवन-सौर संकरित प्रकल्पाची वीज घेतली आहे. दिवसा सूर्य आणि संध्याकाळनंतर वारा अशी तेथे जोडी जमते. परंतु ही वीज शेकडो किलोमीटर दूरची. ती जितकी वाढेल, तितके शहर वाहिन्यांवर अधिक विसंबून राहील.

या विसंबण्याचा धोका १२ ऑक्टोबर २०२० रोजी दिसला. सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा भागातील वाहिन्यांवर बिघाड झाला आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई अंधारात गेली. लोकल गाड्या रुळांवर थांबल्या, रुग्णालयांना जनित्रांवर काम चालवावे लागले, विद्यापीठाला परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. अशा वेळी शहराने मुख्य जाळ्यापासून सुटून स्वतःच्या विजेवर तग धरावा, यासाठी १९८१ पासून ‘आयलँडिंग’ यंत्रणा आहे. त्या दिवशी शहरातील मागणी स्थानिक निर्मितीपेक्षा बरीच अधिक होती. तो भार न पेलल्याने येथील संचही बंद पडले. पुढे २०२३ मध्ये खारघर-विक्रोळी ही ४०० केव्हीची वाहिनी सुरू झाल्याने बाहेरून वीज आणण्याची क्षमता वाढली. मात्र वाहिनी ही अखेर वाहिनीच, ती वीज आणते, साठवत नाही.

साठा कुठे हवा?

येथेच बॅटरीच्या जागेचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. पवनचक्क्यांजवळ ठेवलेली बॅटरी वाऱ्याचे चढउतार समतल करते. शहरात ठेवलेली बॅटरी रात्री वाहिन्या मोकळ्या असताना भरून घेते आणि भर मागणीच्या वेळी वीज देते. शिवाय वाहिनी तुटली तरी ती आतच असते. आयलँडिंगच्या त्या निर्णायक क्षणी ती मागणी-पुरवठ्यातील फट काही काळ भरून काढू शकते आणि तशी रचना असल्यास बंद पडलेले संच पुन्हा सुरू करायलाही मदत करते. आयोगाने २०२५ मध्ये टाटा पॉवरला मुंबईत दहा ठिकाणी मिळून १०० मेगावॉटची बॅटरी यंत्रणा उभारण्यास मंजुरी दिली, त्यामागे हाच विचार आहे.

याचा दाखला ऑस्ट्रेलियात मिळतो. सप्टेंबर २०१६ च्या वादळात पवनऊर्जेवर भर असलेले दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्य पूर्ण अंधारात गेले. डिसेंबर २०१७ मध्ये तेथील हॉर्न्सडेल पवन प्रकल्पाशेजारी १०० मेगावॉटची बॅटरी सुरू झाली. त्याच महिन्यात शेजारच्या व्हिक्टोरिया राज्यातील एक मोठा कोळसा संच अचानक बंद पडला, तेव्हा या बॅटरीने सेकंदाच्या आत वीज पुरवायला सुरुवात केली.

मर्यादा

तरीही बॅटरी म्हणजे वीजनिर्मिती केंद्र नव्हे. उदाहरणादाखल, १०० मेगावॉटची दोन तास चालणारी बॅटरी दोन लाख युनिट साठवते. चार हजार मेगावॉटची मुंबई तेवढ्यावर अवघी तीन मिनिटे चालेल. मात्र तीच वीज केवळ रुग्णालये, पाणीपुरवठा आणि मेट्रो यांच्यासाठी राखली, तर ती कितीतरी अधिक काळ पुरते. तिची उपयुक्तता युनिटांत मोजण्यापेक्षा संकटाच्या पहिल्या काही मिनिटांत मोजायला हवी. पावसाळ्यातील वारा मे महिन्यासाठी साठवणे तर तिच्या आवाक्याबाहेरचेच. त्यासाठी जलविद्युत, दूरच्या प्रदेशांशी देवाणघेवाण आणि काही औष्णिक संच ठेवावेच लागतील.

भरणे-सोडणे यात काही वीज वाया जाते, घट ठरावीक वर्षांनी बदलावे लागतात आणि त्याचा खर्च अखेर ग्राहकाच्याच बिलात येतो. दाट वस्तीतील उपकेंद्रात लिथियमचे घट ठेवायचे, तर अग्निसुरक्षेची कडक व्यवस्था अनिवार्य आहे. म्हणून किती साठा, कुठे आणि कोणासाठी, हे आयोगाच्या जनसुनावण्यांत ग्राहकांनी विचारायला हवे. वीज हरित झाली, पण ती येण्याचा मार्ग एकाच धाग्यावर लटकला, तर उपनगरांचा फायदा अर्धाच राहील.