नळीतला जांभळा थर

कोल्हापुरातल्या कान-नाक-घशाच्या ओपीडीत पावसाळ्यात एक वाक्य सारखं ऐकू येतं: "पोराचा कान फुटलाय, डॉक्टर." लसूण घालून कढवलेलं तेल सोडल्याचंही मग हळूच सांगितलं जातं. डॉक्टर कापसाची निर्जंतुक काडी फिरवून पुवाचा नमुना घेतात, मग सक्शनच्या बारीक नळीने पू ओढतात. तेव्हा कुठे पडद्याचं भोक दिसतं.

नमुन्यामागोमाग मी प्रयोगशाळेत गेलो. प्लेटवर स्यूडोमोनास या जंतूची हिरवट झाक आली होती, झाकण उचलताच गोडसर, द्राक्षांसारखा वास. पण खरं पाहायचं होतं ते काचेच्या नळीत. पोषक द्रवात वाढवलेले जंतू तंत्रज्ञबाईंनी ओतून दिले, नळी हलकेच धुतली, आत क्रिस्टल व्हायोलेट हा जांभळा रंग घातला, पुन्हा धुतली. नळी रिकामी, तरी आतल्या काचेवर जांभळा थर तसाच. "हे धुऊन जात नाहीत बघा," त्या म्हणाल्या.

कानातही हेच घडतं. मधल्या कानाच्या अस्तरावरचे सूक्ष्म केस चिकट स्राव घशाकडे ढकलत असतात. सर्दीच्या विषाणूने ते दुबळे झाले, की नाकामागचे हिमोफिलस, न्यूमोकोकस आत शिरतात; भोकातून पाणी गेलं तर स्यूडोमोनास. आधी नुसता स्पर्श, तो सुटू शकतो. मग अंगावरच्या प्रथिनांनी पेशींवरच्या साखरेच्या रेणूंना पक्की पकड, आणि शेवटी स्वतःभोवती बुळबुळीत आवरण. २००६ साली अमेरिकेत कानाचं जुनाट दुखणं असलेल्या २६ मुलांच्या अस्तराचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा ५० पैकी ४६ तुकड्यांवर असे थर सापडले.

या आवरणाआड प्रतिजैविकं फिकी पडतात. म्हणून वाहणं थांबलं की औषध सोडणाऱ्या प्रत्येक आईबापाला ती नळी दाखवावी, असं मला मनापासून वाटतं. वाहतं ते पाणी. ठाण मांडून बसलेले जंतू भिंतीलाच असतात.

म्हणूनच डॉक्टर गोळ्यांपेक्षा थेंबांवर भर देतात. गोळीपेक्षा कितीतरी तीव्र औषध थेट अस्तरावर पोचतं. पण पू भरलेला असताना ते पोचणार कसं? "आधी कापसाची वात करून कान कोरडा करायचा, मग थेंब, मग कानापुढची कूर्चा दाबायची. आंघोळीला व्हॅसलीन लावलेला बोळा. पंचगंगेत पोहणं बंद." आईने विचारलं, "आणि तेल?"

"तेल फोडणीला."