आमच्या मागे याचं कोण? – दिव्यांग मुलांचा निवारा आणि रोजचा आधार



पालकसभा संपल्यावर एक आई थांबली. तिचा मुलगा चौथीत आहे, बौद्धिक अक्षमता असलेला. म्हणाली, "बाई, वाचायला येईल न येईल, पण आमच्या मागे याचं कोण?" मला पटकन उत्तर देता आलं नाही. नंतर माहिती काढली, ती इथे देते.

१. कायदा काय म्हणतो?
दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ नुसार प्रत्येक दिव्यांगाला समाजात राहण्याचा हक्क आहे. अमुकच ठिकाणी राहा, अशी सक्ती त्याच्यावर करता येत नाही. म्हणजे 'संस्थेत ठेवणं' हा एकच मार्ग नाही. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल, तर सरकारी घरवाटपाच्या योजनांत ५ टक्के आरक्षणही आहे.

२. राष्ट्रीय न्यास
१९९९ च्या कायद्याने स्थापन झालेला हा न्यास स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी काम करतो. त्याच्या या योजना लक्षात ठेवा:
• निरामय – १ लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा.
• समर्थ – घरात आजारपण, अडचण आली तर काही काळाची निवासी सोय.
• घरौंदा – १८ वर्षांवरील व्यक्तींसाठी कायमचं घर आणि रोजची देखभाल.
त्यासाठी यूडीआयडी कार्ड आधी काढून ठेवा.

३. अठरा वर्षांनंतर
हे बऱ्याच पालकांना माहीतच नसतं! मूल सज्ञान झालं की आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. वरील चार प्रकारांत गरज असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो.

४. आपण काय करायचं?
योजना मोठेपणी लागतील, पण तयारी आजच हवी. स्वतः आंघोळ करणं, बटणं लावणं, दुकानातून साखर आणून उरलेले पैसे मोजणं, हा अभ्यासच आहे. काम छोट्या पायऱ्यांत शिकवा. वेळ लागतो, लागू द्या. घरातही न्हाणीत धरायला दांडा, उंबऱ्यापाशी उतार, कपडे हाताला येतील असे ठेवणं, एवढ्यानेही फरक पडतो.

त्या आईला मी हे सगळं सांगितलं. परवा मुलगा डबा स्वतः धुऊन दप्तरात ठेवत होता. उत्तराची सुरुवात तिथूनच होते, नाही का?