चाळीस की शंभर?

गुरुजींच्या स्मरणार्थ बोलण्याची आज्ञा झाली, तेव्हा मला प्रथम आठवली ती त्यांची लाल पेन्सिल. गणिताचे उत्तर बरोबर असले, तरी त्यापुढे लिटर की मिलिलिटर हे लिहिले नसेल तर ते निम्मे गुण कापीत. त्या वयात तो अन्याय वाटे. आज समोर परिचर्येचे शिक्षण घेणाऱ्या मुली आहेत, घरी आईवडिलांना इन्शुलिन टोचणारे माजी विद्यार्थीही आहेत. म्हणून त्या एकाच औषधाविषयी बोलते.

इन्शुलिन हे स्वादुपिंडात तयार होणारे प्रथिन. पोटात घेतल्यास ते अन्नाप्रमाणेच पचून जाईल, म्हणून त्वचेखाली टोचावे लागते. 1921 साली टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांच्या प्रयोगांतून त्याचा शोध लागला व जानेवारी 1922 मध्ये ते प्रथम एका मधुमेही मुलाला देण्यात आले. तो अर्क शुद्ध नसल्यामुळे वजनावरून त्याची ताकद कळत नसे. मग उपाशी सशाच्या रक्तातील साखर किती उतरते, यावरून मात्रा ठरविली गेली आणि तिला 'युनिट' हे नाव मिळाले. युनिट हे ताकदीचे माप आहे, आकारमानाचे नव्हे. घोटाळा होतो तो नेमका येथे.

आपल्याकडे एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट असलेल्या कुप्या मिळतात, तशाच 100 युनिटच्याही. सिरिंजही त्याप्रमाणे दोन : 40 ची लाल टोपणाची, 100 ची नारिंगी टोपणाची. लाल टोपणाच्या सिरिंजवर 20 ची रेघ म्हणजे अर्धा मिलिलिटर. त्या रेघेपर्यंत 100 च्या कुपीतील औषध ओढले, तर रुग्णाच्या अंगात 20 नव्हे, 50 युनिट जातात. उलट चूक झाली तर 20 ऐवजी अवघी 8.

पहिली चूक माझ्या हातून घडली आहे. एका वृद्ध गृहस्थांच्या मुलाने परदेशाहून आणलेली कुपी उशाशी होती. मी नेहमीची लाल टोपणाची सिरिंज घेतली आणि रात्री आठला, जेवणापूर्वी, इंजेक्शन दिले. साधे इन्शुलिन अर्ध्या तासात काम सुरू करते आणि दोन ते चार तासांत त्याचा जोर सर्वांत अधिक असतो. अकराच्या सुमारास ते घामाने निथळलेले, असंबद्ध बोलत असलेले आढळले. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर सावरले. दुसऱ्या दिवशी त्यांनीच माझी समजूत घातली, हे अधिक लागले.

घरी असा प्रसंग आला आणि माणूस शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी रक्तातील साखर पुन्हा तपासावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये. तडक रुग्णालय गाठावे.

चिठ्ठीत 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहून घ्या. आकड्याला चिकटलेले इंग्रजी 'यू' शून्यासारखे दिसते आणि 10 चे 100 होतात. पेनमधील काडतुसांत आपल्याकडे बहुधा 100 चेच इन्शुलिन असते. पेनची सुई संपली म्हणून काडतुसातून लाल टोपणाच्या सिरिंजने औषध ओढणारे मी सुशिक्षित घरांतही पाहिले आहेत. तसे करू नये. नवी सुई मिळेपर्यंत काय करावे, हे डॉक्टरांना फोन करून विचारावे.